टोळीचा कारभार : तुर्भ्याच्या बाजारपेठेतील श्रमिक संघसत्ता

तुर्भे येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात उत्तररात्री ज्या वेळी नाशिक, जुन्नर, मंचर या बाजूंचा माल भरलेली वाहने एकामागून एक येऊन लागू लागतात, त्या वेळी त्या मालाला भाव काय मिळणार, तो कोणाच्या पदरात पडणार आणि त्याचे पैसे केव्हा चुकते होणार हे सर्व प्रश्न अद्याप अधांतरी असतात. परंतु तो माल कोणत्या टोळीने उतरावयाचा, हा प्रश्न मात्र केव्हाच निकालात निघालेला असतो. अमुक गाळ्यावर अमुक टोळी, ही व्यवस्था त्या बाजारात इतकी मुरलेली आहे की, नवख्या माणसाला ती निसर्गनियमासारखी वाटावी. वस्तुतः ती माणसांनी, आणि त्यातही ज्यांना लिहितावाचता येण्याची संधी क्वचितच मिळाली अशा माणसांनी, मोठ्या कष्टाने व कलहाने मिळविलेली आहे. आणि श्रमिकांच्या चळवळीच्या जागतिक इतिहासात ज्या विचाराला सिंडिकॅलिझम, म्हणजे श्रमिक संघसत्तावाद, असे म्हणतात, त्याचा गाभा महाराष्ट्रात कोठे प्रत्यक्ष नांदत असेल तर तो या टोळीत नांदतो, असे माझे मत आहे.

हा विचार थोडक्यात असा. कामगारांची मुक्तता निवडणुकांनी, मंत्रिमंडळांनी किंवा त्यांच्या नावाने बोलणाऱ्या पक्षांनी होणार नाही. ती त्यांनी आपल्या धंद्यापुरत्या बांधलेल्या संघांनीच केली पाहिजे. संप, बहिष्कार, काम मंद करणे ही त्यांची शस्त्रे. सार्वत्रिक संप हे अखेरचे शस्त्र. आणि लढाई संपल्यावर त्याच संघांनी उत्पादनाचा व वाटपाचा कारभार आपल्या हाती घ्यावा, हे ध्येय. फ्रान्समध्ये १८८४ साली कामगार संघांना कायद्याची मान्यता मिळाली, आणि पुढील दशकात फेर्नां पेलूतिए या अल्पायुषी, क्षयाने जर्जर झालेल्या तरुणाने गावोगावच्या श्रमिक-विनिमयगृहांना एका सूत्रात ओवले. ही विनिमयगृहे काय होती हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्याला काम नाही त्याला काम मिळवून देणारी, परगावाहून आलेल्या कारागिराला उतारा व वाटखर्ची देणारी, ग्रंथालय व रात्रीचे वर्ग चालविणारी अशी ती कामगारांनी स्वतः चालविलेली ठिकाणे होती. १८९५ साली लिमोज येथे फ्रान्समधील संघांचा महासंघ स्थापन झाला, आणि १९०६ साली आमियेंच्या अधिवेशनात त्याने जाहीर केले की, संघ कोणत्याही पक्षाच्या दावणीला बांधला जाणार नाही, आज तो प्रतिकाराचे साधन आहे आणि उद्या तोच उत्पादनाच्या पुनर्रचनेचा पाया होईल. अमेरिकेत १९०५ साली शिकागोला, स्पेनमध्ये १९१० साली बार्सिलोनाला याच विचाराच्या संघटना उभ्या राहिल्या. सोरेलसारख्या तत्त्वज्ञाने या चळवळीवर ग्रंथ लिहिले व तिची कीर्ती विद्वानांत पसरली. परंतु माझ्या दृष्टीने सोरेलच्या ग्रंथांपेक्षा पेलूतिएच्या विनिमयगृहातील काम वाटपाची वही हा या विचाराचा अधिक खरा दस्तऐवज होय.

ज्या १८८४ साली फ्रान्समध्ये तो कायदा झाला, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांची अर्जी सरकारनियुक्त आयोगापुढे मांडली. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, साडेसहाला काम सुरू होऊन सूर्यास्ताला थांबणे, पगार वेळेवर मिळणे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे अनुयायी, सत्यशोधक. त्यांचे साधन अर्ज, सभा व ‘दीनबंधु’ हे पत्र. त्यांना संघसत्तावादी म्हणणे हा इतिहासाशी अन्याय ठरेल. परंतु मुंबई इलाख्यातील श्रमिकांनी आपली कैफियत आपल्याच तोंडाने मांडावी, ही प्रथा त्यांनी घातली.

त्या विचाराच्या अधिक जवळ जाणारी घटना १९२८ ची. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. आणि संप मिटल्यावर गिरणीगिरणीत कामगारांनी निवडलेल्या गिरणी समित्या खात्यांमध्ये बसू लागल्या. मजुरांची भरती करणाऱ्या जॉबराने कोणाला कामावर घ्यावे, कोणाला बदलीवर ठेवावे, कोणाचा दंड कापावा, या गोष्टी आजवर त्याच्या एकट्याच्या मर्जीवर होत्या, आणि त्या मर्जीची किंमत कामगार दस्तुरीच्या रूपाने भरत होता. त्या मर्जीला प्रथमच कोणी जाब विचारू लागले. युनियनचे पुढारी कम्युनिस्ट होते व त्यांची निष्ठा पक्षावर होती हे खरे, पण खात्यातील समिती ही पक्षाची शाखा नव्हती. ती त्या खात्याची होती. १९२९ च्या मार्चमध्ये कम्युनिस्टांवरील मीरत कटाच्या खटल्यासाठी पुढारी पकडले गेले, त्या वर्षीचा संप फसला, आणि समित्या विसकटल्या. पुढे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका धंद्यात एकाच प्रातिनिधिक संघाला बोलण्याचा अधिकार दिला, आणि खात्यातून वर येणाऱ्या आवाजाचा मार्ग कायद्यानेच अरुंद झाला. १९८२ च्या संपात अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले, त्यामागे वेतनाइतकाच हाही एक रोष होता.

या विचाराचा खरा, शास्त्रोक्त पुरस्कर्ता मुंबईत राहून गेला, हे फारसे कोणाला आठवत नाही. मद्रासकडचे एम. पी. टी. आचार्य हे प्रथम लंडनमधील इंडिया हाउसच्या क्रांतिकारक मंडळात, नंतर ताश्कंद येथे स्थापन झालेल्या हिंदी कम्युनिस्ट पक्षात होते. त्या पक्षापासून दूर होऊन १९२२ च्या अखेरीस बर्लिनमध्ये संघसत्तावाद्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली तिच्याशी त्यांनी नाते जोडले, ते अखेरपर्यंत सोडले नाही. १९३५ साली ते मुंबईस परतले आणि १९५४ साली तेथेच दारिद्र्यात वारले. त्यांचे लेख इंग्रजीत व युरोपातील नियतकालिकांत छापले जात. मसजिद बंदरच्या हमालापर्यंत त्यातील एक अक्षर पोहोचले असण्याचा संभव नाही. आणि तरीही आचार्यांच्या निधनानंतर सुमारे पंधरा वर्षांतच त्याच मुंबईत, त्याच हमालांनी, त्यांच्या शिकवणीचा निदान अर्धा भाग प्रत्यक्षात आणला.

आता त्या हमालांकडे वळू. दाणा बंदर, मसजिद बंदर, भायखळ्याची भाजीबाजारपेठ, क्रॉफर्ड मार्केट, दारूखाना येथील माथाडी, म्हणजे माथ्यावर ओझे वाहणारा हमाल, हा बहुधा घाटावरचा असे : पाटण, जावळी, सांगलीकडची गावे, पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव. गावी जिराईत तुकडा, वर्षाचा अर्धा काळ कोरडा. म्हणून घरटी एक तरी माणूस मुंबईला. गावकीच्या खोलीत वीस-पंचवीस जणांनी पाळीपाळीने पाठ टेकावी, नाहीतर गाळ्याच्या पायरीवर किंवा फुटपाथवर बारदान अंथरून पडावे, खानावळीच्या बाईकडे महिन्याचा डबा लावावा, आणि उजाडण्यापूर्वी टोळीवाल्यापुढे उभे राहावे, हा त्यांचा क्रम. व्यापाऱ्याशी व्यवहार टोळीवाल्याचा. हमाली नगावर ठरे, पैसे टोळीवाला वसूल करी, आणि त्यातून आपला हिस्सा आधी काढून उरलेले वाटी. शंभर किलोचे पोते माथ्यावर घेऊन चाळिशीत मान व गुडघे निकामी झाले की त्या माणसाचे नाव कोणत्याही दप्तरात नसल्यामुळे त्याला निवृत्तीही नसे. तो गावी परत जाई आणि त्याच्या जागी त्याचा मुलगा येई. कारखाना नाही म्हणून कारखान्याचा कायदा नाही, मालक एक नाही म्हणून मालक कोणीच नाही, अशी ही अवस्था होती; आणि ती गिरणी कामगाराच्या अवस्थेहून निश्चितच वाईट होती, कारण गिरणी कामगाराला निदान कोणाविरुद्ध भांडावयाचे हे ठाऊक होते.

पाटण तालुक्यातील मंद्रुळ कोळे येथे २५ सप्टेंबर १९३३ रोजी जन्मलेले अण्णासाहेब पाटील हे याच वाटेने मुंबईला आले, त्यांनी स्वतः अंगमेहनतीची कामे केली, आणि साठीच्या दशकात या विखुरलेल्या टोळ्यांना एका संघात गोवण्याचे काम हाती घेतले. महाराष्ट्र राज्य माथाडी, ट्रान्सपोर्ट व जनरल कामगार युनियन हे त्या संघाचे नाव. माथाडीचे एक बळ असे की, त्याने हात आखडला तर बाजार त्याच दिवशी थांबतो : गिरणी बंद पडली तर कापड गोदामात असते, पण उतरविला न गेलेला टोमॅटो व कांदा गाडीतच सडतो. या बळाचा वापर अण्णासाहेबांनी केला. टोळीटोळीतून संप झाले, मोर्चे निघाले. सरकारने १९६५ साली एक समिती नेमली, १९६७ साली तिचा अहवाल आला, आणि १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) कायदा झाला. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने याच दिशेने आधीपासून जमीन तयार केली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. मुंबईतील चळवळीचे श्रेय सांगताना पुण्याचा विसर पडणे बरे नव्हे.

या कायद्याचा मूळ आराखडा गोदीतून आलेला आहे. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याखाली मुंबईत १९५१ साली जे मंडळ काम करू लागले, त्याने ‘आज काम आहे, उद्या नाही’ ही गोदी कामगाराची स्थिती संपवून त्याला नोंदणीपटावर आणले होते. तेच तत्त्व माथाडी कायद्याने बाजारपेठेला लावले. प्रत्येक धंद्यासाठी एक मंडळ. त्यात मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधी समसंख्येने, आणि सरकारचे काही. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंद करावयाची, कामगाराने नोंद करावयाची. मजुरी व्यापाऱ्याने टोळीवाल्याच्या हातावर न ठेवता मंडळात भरावयाची, आणि तिच्यावर लेव्ही वेगळी भरावयाची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी रजा, औषधोपचार. टोळीवाला या मधल्या माणसाचा मक्ता कायद्याने मोडला. आज राज्यात अशी छत्तीस मंडळे आहेत.

परंतु कायद्याच्या कलमांत जे लिहिलेले नाही, तेच येथे अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते पाहावयाचे तर गाडी उतरताना पाहावे. गाडीचा फाळका पडतो; दोघे वर चढतात व पोते कडेला आणतात; खालचा माणूस डोक्यावर फडके ठेवून, गुडघ्यात किंचित वाकून, पाठ फाळक्याला लावून उभा राहतो, आणि पोते मानेच्या मुळाशी बसले की न थांबता गाळ्याकडे चालू लागतो; थप्पी लावणारा ते अशा रीतीने बसवितो की दहाव्या थराचीही कड सरळ राहावी. वर कोणी चढावे, खाली कोणी उभे राहावे, थप्पीला कोणी जावे, ज्याचा खांदा दुखतो त्याला आज हलके काम द्यावे की नाही, हे गाळामालक ठरवीत नाही. ते मुकादम ठरवितो, आणि मुकादम टोळीतलाच असतो. हजेरी टोळीची, कमाई टोळीची, आणि तिची वाटणी सारखी. तरुणाने ऐंशी पोती वाहिली व पन्नाशीच्या माणसाने पन्नास, म्हणून त्यांचा वाटा कमीजास्त होत नाही, कारण तो तरुणही एक दिवस पन्नाशीचा होणार असतो. कामाची आखणी, श्रमाची विभागणी व फळाचे वाटप या तीन गोष्टी ज्याच्या हाती आहेत त्याच्या हाती त्या कामाची सत्ता आहे. आमियेंच्या ठरावात ज्या ‘उद्या’विषयी लिहिले होते, त्याचा एक तुकडा तुर्भ्याच्या गाळ्यासमोर रोज पाहावयास मिळतो.

कट्टर संघसत्तावादी यावर आक्षेप घेईल, आणि तो आक्षेप हलका नाही. सरकारने नेमलेले मंडळ, सरकारने ठरविलेली लेव्ही, मंत्र्याच्या सहीने होणाऱ्या नेमणुका, यांवर उभी असलेली चळवळ राज्यसंस्थेपासून स्वतंत्र कशी म्हणावयाची? अण्णासाहेब स्वतः विधान परिषदेचे सदस्य होते. त्यांच्यानंतरचे पुढारीही आमदार, मंत्री झाले. पेलूतिएला हे मानवले नसते. पण मला वाटते, येथे ग्रंथापेक्षा हमालाने परिस्थिती अधिक नीट ओळखली. ज्याचा मालक दर तासाला बदलतो, त्याला मालकाशी करार करून काही पदरात पाडून घेता येत नाही. शंभर व्यापाऱ्यांकडून एकाच दराने पैसा गोळा करावयाचा तर त्यामागे कायद्याची सक्ती हवीच. म्हणून त्याने वसुली मंडळाकडे दिली, आणि काम स्वतःकडे ठेवले. ही वाटणी शहाणपणाची होती.

मुंबईतील घाऊक बाजार खाडीपलीकडे नेण्याचे ठरले तेव्हा या शहाणपणाची कसोटी लागली. नवी मुंबई वसविणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची, मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीची १९७७ ची. १९८१ साली कांदा-बटाटा बाजार प्रथम हलला, नव्वदीच्या दशकाच्या आरंभी मसाला व धान्य, आणि १९९६ च्या सुमारास भाजीपाला व फळे. व्यापाऱ्याला नव्या आवारात गाळा मिळाला. प्रश्न होता की, टोळीचे काय? विखुरलेला मजूर असता तर जुना बाजार मोडल्याबरोबर तोही मोडला असता, आणि नव्या बाजारात नवे, स्वस्त हात आले असते. तसे घडले नाही. टोळ्या गाळ्यांबरोबर आल्या, त्यांचा नोंदणीपट त्यांच्याबरोबर आला, आणि त्यांच्यामागे त्यांची कुटुंबे आली. कोपरखैरणे व घणसोली येथील माथाडी वसाहती, कोपरखैरण्याचे माथाडी रुग्णालय, पतपेढी, ग्राहक सोसायटी, माथाडी भवन, ही सर्व त्या स्थलांतराची फळे आहेत. गावकीच्या खोलीत पाळीने झोपणाऱ्या माणसाच्या नातवंडांनी कोपरखैरण्यात स्वतःच्या घरात अभ्यास करून पदव्या घेतल्या. नवी मुंबईचा इतिहास सांगताना सिडकोचे नगररचनाकार व जमिनीसाठी भूमिपुत्रांनी केलेला १९८४ च्या जासईच्या लढ्यासारखा संघर्ष यांचा उल्लेख होतो, आणि तो झालाच पाहिजे. परंतु ही नगरी वसविणाऱ्यांत माथाडीची गणना क्वचितच केली जाते, आणि ही उणीव मला खटकते.

दोषही सांगितले पाहिजेत. टोळी ही आतल्यांसाठी जितकी उदार, तितकीच बाहेरच्यांसाठी बंद असते. जागा नात्यागोत्यातून, गावकुसातून भरली जाते, आणि परप्रांतातून आलेला, नोंद नसलेला मजूर त्याच बाजारात, त्याच ओझ्याखाली, कोणत्याही मंडळाच्या छत्राविना वावरतो. धान्य निवडणाऱ्या व चाळणाऱ्या स्त्रियांना टोळीतील पुरुषाइतका मान व संरक्षण मिळण्यास फार उशीर झाला. ‘माथाडी’ या नावाचा धाक दाखवून ज्यांनी कधी पोते उचलले नाही असे लोक कारखानदारांकडून पैसा उकळतात, हा आरोप गेली कित्येक वर्षे होत आहे, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. या खंडणीखोरांनी कायद्याच्या शत्रूंपेक्षा कायद्याचे अधिक नुकसान केले आहे. लेव्ही थकविणारे मालक तर पहिल्या दिवसापासून आहेतच. आणि चळवळीवरचा सर्वांत मोठा घाव म्हणजे २३ मार्च १९८२ : आदल्या दिवशी आर्थिक निकषावर आरक्षणासाठी विराट मोर्चा काढूनही मागणी मान्य न झाल्यामुळे अण्णासाहेबांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्यांचे वय अठ्ठेचाळीस होते. गिरण्यांचा संप सुरू होऊन त्या वेळी दोन महिने झाले होते. मुंबईच्या श्रमिकांच्या इतिहासात इतके जड वर्ष दुसरे नाही.

आज माथाडीपुढचा प्रश्न टोळीवाल्याचा राहिलेला नाही. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, आणि बंद कंटेनरातून येणाऱ्या मालाला माथ्याची गरज यंत्रापेक्षा कमी लागते. २०१६ साली राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. जो माल आवारात येणारच नाही त्यावर टोळीचा हक्क कसा चालणार? पन्नास किलोपेक्षा जड गोणी उचलणार नाही, हा माथाडींचा आग्रह व्यापाऱ्यांना आजही अवाजवी वाटतो, वास्तविक आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषासाठी पंचावन्न किलोची मर्यादा सुचविली होती. २०२३ साली मूळ कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आले, तेव्हा निरनिराळ्या पक्षांशी जोडलेल्या माथाडी संघटना त्याविरुद्ध एकत्र आल्या. त्यांच्या भीतीला आधार आहे : कायद्याने संरक्षित कोण व असंरक्षित कोण याची व्याख्या जरा सरकली तरी हजारो माणसे पटावरून पुसली जाऊ शकतात.

या सर्व इतिहासाचे मूळ साहित्य आज मंडळांच्या कपाटांत, युनियनच्या कचेरीत आणि निवृत्त मुकादमांच्या घरच्या ट्रंकांत पडून आहे : टोळ्यांची हजेरीपत्रके, वाटणीच्या वह्या, पहिल्या संपांची पत्रके, नोंदणीची जुनी ओळखपत्रे. मसजिद बंदरच्या दिवसांत टोळीवाल्यापुढे उभे राहिलेल्यांपैकी जे हयात आहेत ते आता ऐंशीच्या घरात आहेत. नवी मुंबई महानगरपालिकेने, बाजार समितीने आणि युनियनने मिळून ही कागदपत्रे एका ठिकाणी आणावीत, या वृद्धांच्या जबान्या लिहून घ्याव्यात, आणि तुर्भ्यातच एका खोलीत का होईना, ते सर्व वाचकांसाठी खुले करावे. ज्या वाचकांच्या घरात आजोबांची अशी एखादी वही असेल, त्यांनी ती रद्दीत घालू नये.